मिडिया पान्हा चोरते

कोल्हापूर
८ सप्टेंबर २०२५

निशे,

तू अख्ख्या कोल्हापूरला ब्लॉक केलंस. मला केलंस, सबिनाला केलंस, आप्पांना केलंस. गॅस एजन्सीलाबी केलं असशील. पण पोस्टमनला ब्लॉक करायचं बटन अजून निघालं न्हाय, म्हणून हे पत्र. फाडायचं असलं तर फाड. फक्त आधी वाच, मग फाड. तुझा नेम न्हाय, तू उलटं करशील.

बसच्या खिडकीतनं तू म्हणालीस, "वर्षभर मला कुणी हाक मारायची न्हाय. हाक आली की मी माघारी येणार, मला माहीत हाय." आणि बस वळली. मी स्टँडवर तसाच उभा. सायरनींच्या बेटाजवळनं जाताना ते खलाशी कानात मेण घालतात, तसं तू फोनमध्ये मेण घातलंस. मग गाऊन गाऊन बुडवणाऱ्या बायका कोण, आम्ही? सबिनाला विचारलं तर म्हणाली, "मी गायलो तर जहाज लांब पळंल. माणसं वाचतील."

बातमी एकच हाय. मिडिया पान्हा चोरते.

बाकीच्या दोन म्हशी, सर्सी आणि क्लायटी, नीट हायत. दूध देतात, खातात, रस्त्यात शेपट्या मारत दूध कट्ट्यापर्यंत जातात. मिडियाचंच बिघडलंय. कास दगडासारखी फुगते, आणि केरबामामा चरवी घेऊन बसला की ती दूध वर ओढून घेते आणि लाथ घालते. मामाचा सगळा जन्म तुमच्या गोठ्यात गेला, त्याला लाथेचं काय न्हाय, पण त्याला अपमान वाटतोय. रेडी सोडली की थोडं उतरतं, तेवढं रेडीच पिते. सुई टोचून दूध काढायचं आप्पांना चालत न्हाय. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत बघायचं म्हणाले, न्हायतर हंबीरराव व्यापारी येऊन घेऊन जाईल.

तिचं नाव कसं पडलं आठवतंय? पैलारू होती. पहिल्यांदाच व्याली आणि आपल्याच रेडीला लाथ घातली. आपण तेव्हा ते जाडजूड ग्रीक पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीतनं आणलंतं आणि परत द्यायचं नावच घेत नव्हतो. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, गिऱ्हाइकाच्या हातात ताज्या धारेचा फेसाळ ग्लास देता देता तू ओरडलीस, "आप्पा, ही मिडिया!"

"म्हंजे टीव्हीवाली?"

"न्हाय ओ. ग्रीसची बाई. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून तिनं स्वतःची लेकरं मारली."

आप्पांनी बराच वेळ विचार केला. हातातली धार थांबली न्हाय. मग म्हणाले, "लेकरं मारली आणि नवरा जिता ठेवला? उलटं झालं की गं ते."

सबिना दुधाच्या मिशीसकट खाली बसली हसून. तिथनं मग खेळच लागला. कट्ट्यावर जो येईल त्याला कुठली बाई मारणार ते ठरवायचं. तालमीतलं एक पोरगं दंड फुगवत आलं की तू म्हणायचीस, ह्याला सर्सी, ह्याचं डुक्कर करायला तिला काठीसुद्धा लागायची न्हाय. क्लायटेम्नेस्ट्रानं युद्धावरनं आलेल्या नवऱ्याला न्हाणीघरात जाळं टाकून मारला, हे ऐकून केरबामामा म्हणाला, "पण पाणी तापवून दिलं न्हवं आधी? मग बाई वाईट न्हाय." माझी पाळी आली तेव्हा तू म्हणालीस, सम्याला कुठलीच मारणार न्हाय. ह्यो त्यांच्यावर नाटक लिहील, त्याच कंटाळून मरतील.

तू गेलीस त्या सकाळी आप्पा मिडियाला घासत बसलेते, दाराकडं पाठ करून. तू उंबऱ्यात पिशवी घेऊन उभी होतीस. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मला बाहेरनं तुम्ही तिघं दिसत होता: मिडिया, तू आणि ती पाठ.

बाकी सगळं बरं हाय. आप्पांना कट्ट्याचा कंटाळा आलाय म्हणून आता केरबामामाच जातो. आप्पा ओसरीवर बसतात, डाव्या हातानं बशीतला चहा पितात आणि मिडियाकडं बघत राहतात.

त्रिशूरला नाटक शिकता शिकता मासे खातेस का?

सम्या


१९ सप्टेंबर

निशे,

उत्तर न्हाय. ठीक हाय. मेण चांगल्या कंपनीचं दिसतंय.

आज मी तुझा गाऊन घातला.

हसू नको. सबिना तुझ्या वाट्याचं हसून बसली. केरबामामा म्हणाला, आमच्या राधानगरीकडं बाई माहेरी गेली की गडी तिचं लुगडं नेसतो आणि धारेला बसतो. म्हशीला वास पायजे, माणूस न्हाय. मग तुझा तो हिरव्या फुलांचा, धारेला बसायचा गाऊन खुंटीवर होताच. कुणी धुतला न्हाय. पेंडीचा, शेणाचा आणि खोबरेल तेलाचा वास त्यात अजून हाय. गळ्यातनं तो खाली आला तेव्हा थोडा वेळ मला काहीच दिसत नव्हतं, सगळं हिरवं हिरवं होतं. त्या हिरव्यात मी जरा जास्तच वेळ थांबलो. हे वाक्य तू वाचलं न्हाईस असं समज.

बाहेर आलो. सबिना खांबाला टेकून उभी. राजारामपुरीतल्या क्लिनिकमधनं सुटली की ती आता रोज इकडंच येते.

"आला की थीब्जचा राजा!" म्हणाली.

तुला आठवत असेल पेंथिअस. डोंगरावर बेभान नाचणाऱ्या बायकांना चोरून बघायला तो बाईचे कपडे घालून गेला आणि त्याच्या आईनंच त्याला सिंह समजून फाडला.

"गप गं."

"त्याच्या आईला सिंह तरी वाटला. तुझी आई आत्ता आली तर तिला काय वाटंल?"

"केरबामामा, हिला बाहेर काढा."

"मी कशाला काढू," मामा म्हणाला. "लई दिवसांनी गोठ्यात करमणूक आलीया."

ओसरीवरनं आप्पा म्हणाले, "गाऊन वर खोच. शेणात लोळतोय." तेवढंच. मग मान वळवली. मला वाटतं त्यांना माझ्याकडं बघवलं न्हाय. म्हंजे गाऊनकडं.

मी बसलो. मांडीत चरवी, कपाळ तिच्या पोटाला लावलं, तुझ्यासारखं. आत काहीतरी गुडगुडत होतं, लांबच्या समुद्रासारखं. मिडियानं मान वळवून गाऊन हुंगला. श्वास सोडला. मी सडाला हात लावला. केरबामामा पुटपुटला, "सोडतीया, सोडतीया..." आणि मग तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी एखाद्याच्या घरात त्याचंच नाव सांगून शिरलोय. लाथ मांडीवर बसली. चरवी गोठ्याच्या पार कोपऱ्यात. निळं झालंय. पेंथिअसपेक्षा स्वस्तात सुटलो.

रात्री झोप लागली आणि स्वप्नात राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्यांमधनं दूध वाहत होतं. घोट्याएवढं, कोमट. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, लोक पँटी वर करून दुकानात चाललेते. मेडूसा तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवरनं गेली, नुसते डोळे दिसत होते, आणि क्लासच्या पायऱ्यांवरची पोरं हातात वडापाव धरून दगड झालीती. क्लायटेम्नेस्ट्रा मासेवाल्याशी जाळ्यासाठी घासाघीस करत होती. हेलन सिटी बसच्या स्टॉपवर उभी, त्यामुळं एकबी बस पुढं जायला तयार न्हाय. आणि त्या सगळ्यांच्या मागं तू, गाऊनवर टॉवेल, काखेत चरवी, दुधातनं चाललेलीस. मी हाक मारायला तोंड उघडलं. तोंडातनं हंबरडा आला. म्हशीचा.

सर्सीनं मला केव्हा गाठलं, कळलंच न्हाय.

सम्या


३० सप्टेंबर

निशे,

तुझं कार्ड आलं. एक ओळ. ना "प्रिय", ना सही.

"उजव्या हाताला काय झालं?"

मी माझं पहिलं पत्र आठवून आठवून बघितलं, मी कुठं काय बोललो. मग ती डाव्या हातातली चहाची बशी आठवली. तुझ्याशी खोटं बोलायचं तर बशीसुद्धा लपवायला पायजे.

सांगतो. बसून वाच.

श्रावणात एका सकाळी आप्पा मिडियाची धार काढत होते. केरबामामा म्हणतो, धारेचा आवाज थांबला, म्हणून त्यानं वळून बघितलं. चरवी आडवी, दूध पसरलेलं, आणि आप्पा तिच्या पोटाला टेकून बसलेले. लाथाळ म्हैस ती, पण हलली न्हाय. मामा येईपर्यंत तशीच उभी राहिली. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात गेला आणि तोंड जरा एका बाजूला ओढलं. दवाखान्यात वेळेत नेलं. जिवाला धोका न्हाय. पाय चांगला चालतोय. शब्द चिखलातनं चालल्यासारखे येतात, पण येतात. आणि त्या दिवसापासनं मिडिया दूध देत न्हाय. दोनच माणसांना द्यायची ती. एक त्रिशूरला आणि एकाचा हात मांडीवर पडलेला.

सबिना त्यासाठीच रोज येते, शेवटी फिजिओच ती. त्यांच्या हातात रबरी चेंडू देते. "आप्पा, दाबा. मेडूसानं तुमच्या हाताकडं बघितलंय, दगड झालाय. मी वितळवणार."

"कोण मेडूसा?"

"केसांचे साप असलेली."

"ह्ये बघ," आप्पा म्हणाले, "आमच्या गल्लीत तसल्या तीन हायत. मला काय झालं न्हाय इतकी वर्षं."

बघ, बोलतात. विनोद करतात. पण तुझं नाव घेत न्हाईत. "ती केरळवाली" म्हणतात, तेबी क्वचित.

मी तुला का कळवलं न्हाय, ते सांगतो. दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी डाव्या हातानं माझी कॉलर धरली. तेव्हा तोंड लईच वाकडं होतं, मला दोनदा विचारायला लागलं.

"तिला कळवायचं न्हाय."

"आप्पा, ती तुमची लेक..."

"यील. पळत यील. तिचं त्ये सगळं सोडून यील. आणि मग जन्मभर माझ्या ह्या हाताकडं बघत बसंल." मग दम घेतला. "मी बी तिच्याकडं बघत बसीन. दोघंबी एकामेकाला बघू आणि म्हशी उपाशी."

मी म्हणालो, तुम्हीच तर तिला जाऊ नको म्हणत होता. नाटकबिटक आपल्यात न्हाय म्हणत होता.

"व्हय. आणि ती गेली न्हवं? गेलीया तर ऱ्हाऊ दे."

मी शब्द दिला. तो आज मोडला. कार्डावर तू प्रश्न विचारलास, मग मी काय करू? आप्पांना अजून सांगितलं न्हाय. तुझं कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात हाय आणि गोठ्यात शिरलो की मला वाटतं, ते खिशातनं दिसतंय.

येऊ नको असं मी म्हणणार न्हाय. ये असंबी म्हणणार न्हाय. मला विचारूच नको. मी त्या बेटावर बसलेला माणूस हाय, माझ्या आवाजाचा भरवसा न्हाय.

सम्या


१२ ऑक्टोबर

निशे,

विचारलंसच शेवटी.

"पाडव्याला आमचा प्रयोग हाय. मिडिया मी करतोय. माझ्या बदली कुणी न्हाय. मी सुटलो तर प्रयोग सुटला, आणि वर्ष बी. येऊ का? एका शब्दात सांग."

कार्ड घेऊन मी रंकाळ्याच्या कडेनं चालत राहिलो. पाण्यावर धुकं होतं, पलीकडची घरं कुणीतरी अर्धवट खोडल्यासारखी दिसत होती. मी एक शब्द लिहिला. खरंच लिहिला. कोऱ्या कागदावर, मधोमध: "ये." पाकिटात घातला, पत्ता घातला. ते आप्पांच्या हातासाठी लिहिलं असं मी स्वतःला पोस्टापर्यंत सांगत गेलो. पोस्ट बंद झालतं. तसंच पाकीट घेऊन गोठ्यात आलो, दावणीच्या भिंतीवर ठेवलं आणि गाऊन घालायला आत गेलो. (व्हय, रोज घालतो. रोज लाथ खातो. आता गल्लीतली बारकी पोरं बघायला येतात.) बाहेर आलो तर सर्सी रवंथ करत होती आणि तिच्या ओठाला तिकीट चिकटलंतं.

"काय खाल्लं गं हिनं?" सबिनानं विचारलं.

"एक शब्द."

तिनं सर्सीच्या ओठाचं तिकीट काढलं. मग म्हणाली, "बरं झालं. तुझा तो शब्द चांगला नव्हता." तिला मी काही सांगितलं नव्हतं, बघ.

मग मी आप्पांसमोर बसलो आणि तुझी दोन्ही कार्डं काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. मला वाटलं ओरडतील. गोठ्याची पायरी चढू नको म्हणतील. त्यांनी डाव्या हातानं कार्डं उचलली, लांब धरून वाचली, पहिलं, मग दुसरं, मग परत पहिलं. "अक्षर सुधारलंय," म्हणाले. आणि कार्डं उशीखाली ठेवली. मी उत्तर काय द्यायचं, त्यावर काही न्हाय.

केरबामामानं मिडियासमोर भिजवलेल्या पेंडीचं आंबोण ठेवलं. मी चरवी घेतली. मामा म्हणाला, "कापाड झालं, वास झाला, आता बोलून बघ. ती पोरगी बोलायची तिच्याशी. धारेला बसली की कायबाय म्हणत असायची."

आणि माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. तू धारेला बसून पाठांतर करायचीस! मी मराठीत केलेलं मिडियाचं ते भाषण, जे आपल्या एकांकिकेत होतं, ज्याला परीक्षक म्हणाले की लांबलंय. सकाळ-संध्याकाळ तू ते म्हशीला ऐकवलंस. मी कपाळ टेकलं आणि सुरू केलं. माझंच लिहिलेलं, मला येणारच की. छाती भरून, नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं:

"बायांनो, दार लावू नका! हे घर मला जाताना बघू दे!"

लाथ. चरवी. कोपरा.

"तसं न्हाय," ओसरीवरनं आवाज आला.

आम्ही तिघं वळलो. आप्पा खांबाला धरून उभे राहिलेते. सबिना रोज त्यांना सांगते, मोठ्यानं बोला, तोंड सुटंल, पाढे म्हणा, पेपर वाचा. ते तिला "शाळा काढलीस व्हय" म्हणून गप्प करतात. आता ते स्वतःहून बोलत होते. मान जरा झुकलेली. कुणाकडं बघत न्हाईत.

"बायांनो... दार लावू नका. ह्ये घर मला जाताना बघू दे. मी हितं वाऱ्यानं आणलेल्या बी-गत आले. आता झाड हून जाते... मुळं हितंच ठिवून."

 एकेक शब्द ओठाच्या त्या ओढलेल्या बाजूवरनं घसरायचा, आप्पा तो परत उचलायचे, पुढं ठेवायचे. मी लिहिलं तेव्हा ती वाक्यं एवढी जड नव्हती. आप्पांना सगळं पाठ. अख्खं. ओसरीवर बिडी ओढत, पेपर तोंडासमोर धरून, "बंद कर ती थेरं" म्हणत त्यांनी ते वर्षभर ऐकलंतं.

मिडियानं कान फिरवला. मग मान. केरबामामानं मला कोपरानं ढकललं आणि मी चरवी मांडीत घेऊन गुपचूप बसलो.

"लेकरांनो, या," आप्पा म्हणाले. आणि थांबले.

एवढे थांबले की मला वाटलं विसरले. सबिना पुढं झाली, त्यांना धरायला. त्यांनी डावा हात वर करून तिला थोपवलं. गोठ्यात डाससुद्धा वाजत नव्हता. माझ्या कपाळाखाली मिडियाचं पोट एकदा लांब हललं, जसं कुणी लई दिवस धरून ठेवलेला श्वास सोडतं. माझ्या हातातले सड भरले. मी काही केलं न्हाय, खरंच, नुसते धरले, आणि पितळेवर पहिली धार वाजली.

मग आप्पांनी पुढचं म्हटलं. हळू.

"पाठ फिरवू नका. जाणाऱ्या माणसाला... पाठ दाखवू नये."

केरबामामा उगीचच पेंडीचं पोतं हलवायला लागला. सबिनानं ओढणीनं नाक पुसलं आणि म्हणाली की गोठ्यात धूळ लई. चरवी भरत होती. फेस वर आला, गाऊनच्या हिरव्या फुलांवर सांडला, कोमट. मी पुसला न्हाय.

आता पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीत मिडिया मिरवणार. शिंगं कुठल्या रंगानं रंगवायची, यावरनं मामा आणि सबिनाचं भांडण चाललंय. आप्पा तिच्या पाठीवर डावा हात ठेवून गंगावेशीपर्यंत चालणार म्हणतात. हंबीररावाला नको म्हणून निरोप गेलाय. आणि हंबीरराव तरी काय करणार होता, रोज संध्याकाळी त्याच्या गोठ्यात ग्रीक नाटक कोण करणार?

पहिला ग्लास आप्पांना दिला. त्यांनी तो उजव्या हातात धरायचा प्रयत्न केला. बोटं वळली, पण ग्लास राहिला न्हाय, मी खालनं धरला. अर्धा प्याले. मग म्हणाले, "कागद काढ."

"काय लिहू?"

"मिडी दूध देतीया म्हणावं."

लिहिलं. "आणि? ये म्हणून लिहू का, आप्पा? का येऊ नको म्हणून?"

"तुला सांगटलंय तेवढंच लिही की. शाणपणा करू नको." मिशीवरचा फेस त्यांनी डाव्या हातानं पुसला.  बाहेर दिवे लागले. मिडिया आंबोण चाटत होती.

मग म्हणाले, आणि हे मी त्यांच्या शब्दात लिहितोय, एक अक्षर बदललेलं न्हाय:

"निशिगंधाला सांग. पाठीच्या वाक्याआधी ती थांबायची पयल्यांदा. मग पाठ झालं तशी घाई करायला लागली. पाडव्याला तिथं घाई करू नको म्हणावं. मिडी तिथंच पान्हा सोडती."

सम्या